त्रिभुज प्रदेशातले भूजलाचे थर आणि विद्युत सर्वेक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्युत सर्वेक्षणाचे यंत्र जमिनीखालचे पाणी दाखवते का?

नाही. जमिनीत ठोकलेल्या दोन गजांतून वीजप्रवाह सोडायचा, त्यांच्या मधल्या दोन बिंदूंवर किती विभवांतर (व्होल्टेजचा फरक) तयार झाले ते मोजायचे आणि त्यावरून खालच्या थरांची रोधकता, म्हणजे ते विजेला किती अडवतात ते, काढायचे, एवढेच हे काम आहे. रोधकता ओहम-मीटरमध्ये येते. ती पाण्याच्या खारेपणावर अवलंबून असते, तशीच चिकणमातीचे प्रमाण, वाळूची सच्छिद्रता आणि थर पाण्याने किती भरला आहे यांवरही असते. ‘अमुक खोलीवर पाणी लागेल’ हे वाक्य यंत्र कधीच देत नाही. ते माणूस देतो आणि चुकले तर तोच चुकतो.

मग त्रिभुज प्रदेशातच ही पद्धत एवढी का वापरतात?

कारण तिथे प्रश्न ‘पाणी आहे का’ हा नसतोच. पाणी सगळीकडे असते. गोडे कुठे, मचूळ कुठे आणि खारे कुठे, हा खरा प्रश्न. गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या रोधकतेत शंभरपटीपर्यंत फरक पडतो आणि विद्युत सर्वेक्षणाला तो ठळक दिसतो.

थरांची रचना समजून घ्यायची तर समुद्रपातळीचा इतिहास आठवावा लागतो. साधारण २०,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. नद्यांनी तेव्हा खोल दऱ्या कोरल्या आणि त्यांत भरड वाळू टाकली. पुढे समुद्र चढला, त्या वाळूवर सागरी चिकणमाती बसली आणि तिच्यात खारे पाणी अडकून राहिले. त्यावर पुन्हा नदीचा गाळ, जुने प्रवाहमार्ग, पुळणीचे उंचवटे. म्हणून किनाऱ्यापासून कितीतरी किलोमीटर आत खारे पाणी लागते आणि किनाऱ्यालगत खोलवर गोडे सापडू शकते. ‘समुद्र जवळ म्हणजे खारे’ हे गणित इथे चालत नाही.

कोणत्या थराची रोधकता साधारण किती?

गाळाच्या प्रदेशात हे आकडे डोक्यात ठेवून कामाला सुरुवात करता येते:

- खाऱ्या पाण्याने भरलेली वाळू किंवा चिकणमाती: ३ ओहम-मीटरपेक्षा कमी
- चिकणमाती, मचूळ पाण्याची वाळू: ३ ते १५
- गोड्या पाण्याची बारीक ते मध्यम वाळू: २० ते ६०
- गोड्या पाण्याची भरड वाळू: ५० ते १००, क्वचित अधिक
- पाण्याच्या पातळीच्या वर असलेली कोरडी वाळू: काही शेकडे ते हजाराच्या वर

हे आकडे सुरुवातीपुरते. आपल्या भागातले आकडे पाण्याच्या वाहकतेवरून (ते वीज किती सहज वाहू देते यावरून) काढावेत. १०,००० ला मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरमधल्या वाहकतेने भागले की पाण्याची रोधकता ओहम-मीटरमध्ये मिळते. ५०० वाहकतेचे पाणी म्हणजे २० ओहम-मीटर. सुमारे ५०,००० वाहकतेचे समुद्राचे पाणी म्हणजे फक्त ०.२. स्वच्छ वाळूत हा आकडा साधारण ३ ते ५ पट होतो, कारण वीज कणांमधून जात नाही, त्यांच्या फटींतल्या पाण्यातून वाट काढते. तेल-अभियंता आर्चीने १९४२ मध्ये मांडलेल्या सूत्राचा गाभा हाच. पट ४ धरली तर गोड्या पाण्याची वाळू ८० ओहम-मीटर दाखवेल आणि ५,००० वाहकतेच्या मचूळ पाण्याची वाळू ८.

नेमके ८ ओहम-मीटर गोड्या पाण्यातली चिकणमातीही दाखवते. या कामातली निम्मी डोकेदुखी इथे आहे.

आणखी दोन गोष्टी. आर्चीचे सूत्र चिकणमाती नसलेल्या थरालाच लागू पडते. मातीच्या कणांच्या पृष्ठभागावरूनही वीज वाहते, त्यामुळे मातकट वाळू आहे त्यापेक्षा खारी भासते. शिवाय वाहकता तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे २ टक्के वाढते. मीटर २५ अंशांचा आकडा देतो की त्या क्षणाचा, हे पाहून ठेवावे.

शलम्बर्जर, वेनर आणि इलेक्ट्रिकल टोमोग्राफी: कोणती पद्धत घ्यावी?

खोलवरच्या थरांचा उभा क्रम हवा असेल तर शलम्बर्जर मांडणीचे उभे साउंडिंग, म्हणजे एका बिंदूखालच्या थरांची खोलीनुसार मोजणी. बाहेरचे दोन इलेक्ट्रोड (प्रवाह सोडणारे गज), ए आणि बी, टप्प्याटप्प्याने लांब न्यायचे. आतले, विभवांतर मोजणारे एम आणि एन क्वचितच हलवायचे. माणसे कमी लागतात आणि जवळपासच्या उंचसखल मातीचा त्रास कमी होतो. वेनरमध्ये चारही इलेक्ट्रोड समान अंतरावर असल्याने दर वेळी सगळे उचलावे लागतात, पण विभवांतर मोठे मिळते.

जुन्या प्रवाहमार्गाची कड, खाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या गोड्या पाण्याच्या भिंगाचा आकार किंवा खाडीकडून आत सरकणारे खारे पाणी पाहायचे असेल तर टोमोग्राफी, म्हणजे ओळीत मांडलेल्या अनेक इलेक्ट्रोडांच्या मोजणीवरून संगणकाने काढलेले जमिनीचे उभे छेदचित्र. पण तिच्या खोलीबद्दल भलत्या अपेक्षा नकोत. ४८ इलेक्ट्रोड ५ मीटरवर मांडले तर ओळ २३५ मीटरची होते आणि खोली तिच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकी, म्हणजे ४० ते ४५ मीटर. तीही ओळीच्या मध्यभागीच. दोन्ही टोकांकडचे त्रिकोण कोरेच राहतात.

१०० मीटर खोली गाठायला तार किती लांब हवी?

ए ते बी एकूण अंतर खोलीच्या किमान ५ ते ६ पट धरा. म्हणजे ६०० मीटर, मध्यबिंदूपासून दोन्ही बाजूंना ३००. वरचा थर खारा असेल तर तेवढेही पुरत नाही. वीज सोपी वाट धरते आणि वरच्या खाऱ्या थरातूनच पळते, खाली फारशी उतरत नाही. ‘एबीच्या निम्म्याइतकी खोली’ हा ठोकताळा सर्रास वापरला जातो. त्रिभुज प्रदेशात तो बाजूला ठेवलेला बरा.

सोबत काय काय न्यावे?

रोधकता मीटर, शक्यतो ४०० व्होल्ट किंवा अधिक देणारा आणि अनेक वाचनांची सरासरी घेणारा. ६० ते ७५ सेंटिमीटरचे स्टेनलेस स्टीलचे गज, जोडीला दोन जादा. एम आणि एनसाठी मोरचुदाच्या द्रावणाने भरलेली सच्छिद्र मडकी. साधे गज तिथे स्वतःच बॅटरीसारखे वागतात आणि वाचन वाहवत नेतात. दोन मोठी रिळे, टेप, घण, पूर्ण भरलेली बॅटरी, वाहकता मीटर, वॉकीटॉकी, लॉग-लॉग कागद (दोन्ही अक्षांवर लॉगरिदमी मापे असलेला आलेखकागद). शेवटची वस्तू जुनाट वाटेल, पण तीच दिवस वाचवते.

प्रत्यक्ष जागेवर क्रम कसा असावा?

आधी जागा. विजेच्या तारा, धातूचे पाइप, तारेचे कुंपण आणि कालव्याचा भराव यांपासून दूर राहा. ओळ किनाऱ्याला किंवा जुन्या प्रवाहमार्गाला समांतर घ्या. आडवी घेतली तर एक टोक गोड्या वाळूत आणि दुसरे खाऱ्या मातीत पडते, मग आडव्या थरांचे गणित कोलमडते.

मध्यबिंदूवर खुंटी मारा. एबी/२ ची अंतरे १.५, २, ३, ४, ६, ८, १०, १५, २० अशी वाढवत न्या, म्हणजे लॉग कागदावर ठिपके जवळजवळ समान अंतराने पडतात. एमएन हे एबीच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा मोठे नको. गज ठोकल्यावर स्पर्शरोध (गज आणि जमीन यांच्यातला रोध) बघा. २,००० ओहमच्या आत आला तर चांगले. ओल्या गाळात तो सहज येतो. कोरड्या पुळणीवर ए आणि बीपाशी मिठाचे पाणी ओता, एम-एनपाशी मात्र ओतू नका.

वाचन आले की तिथल्या तिथे आभासी रोधकता, म्हणजे सगळ्या थरांची मिळून दिसणारी रोधकता, काढा. ती म्हणजे गुणक × रोध. आधी गुणक: पाय (π, ३.१४) × [(एबी/२)² − (एमएन/२)²] ÷ एमएन. एबी/२ १०० मीटर आणि एमएन २० मीटर असेल तर गुणक १,५५५. प्रवाह ५०० मिलिअँपिअर, विभवांतर ६.४ मिलिव्होल्ट, म्हणजे रोध ०.०१२८ ओहम आणि आभासी रोधकता १९.९ ओहम-मीटर. ठिपका लॉग-लॉग कागदावर टाका, मगच पुढचे अंतर. हे ठिपके जोडले की साउंडिंगचा वक्र मिळतो.

एमएन वाढवताना निदान दोन अंतरांवर जुन्या आणि नव्या, दोन्ही एमएनने वाचन घ्या. दोन तुकडे थोडे वरखाली येतात. ते नंतर जुळवता येतात, पण सामाईक वाचने नसतील तर कशाशी जुळवणार?

अंतराची चूक कुठे महागात पडते तेही माहीत असावे. एमएन १ मीटर असताना ५ सेंटिमीटर चुकले की उत्तर ५ टक्के चुकले. एबी १ टक्का चुकले तर २ टक्के, कारण तिथे वर्ग आहे.

खाऱ्या भागात लांब अंतरावर वाचन नाचते. मीटर बिघडला का?

बहुधा नाही. हिशेब करून पाहा. जमीन २ ओहम-मीटर, एबी/२ ३०० मीटर, एमएन ६० मीटर, म्हणजे गुणक सुमारे ४,६६५. ५०० मिलिअँपिअर सोडले तरी विभवांतर येते ०.२१ मिलिव्होल्ट. जमिनीतले नैसर्गिक विभव त्याच्या कितीतरी पट असते आणि सतत हलत असते. उपाय तीन: प्रवाह वाढवा, त्यासाठी टोकाला तीन-चार गज मीटरभर अंतराने ठोकून एकत्र जोडा. वाचनांची सरासरी १६ किंवा अधिक फेऱ्यांची घ्या. आणि नियमात बसेल तेवढे एमएन मोठे करा. तरीही आकडा पाच-दहा टक्क्यांपेक्षा जास्त हलत असेल तर ते वाचन शंकास्पद म्हणून नोंदवा. वहीत गुळगुळीत आकडा लिहून ठेवणे ही सर्वांत वाईट सवय.

वक्र भलताच चढतो किंवा मध्येच उडी मारतो. चूक कुठे शोधावी?

आडव्या थरांवर लॉग-लॉग कागदावरचा वक्र ४५ अंशांपेक्षा तीव्र चढू शकत नाही. चढला तर खाली काही अद्भुत सापडलेले नसते. मोजणीत चूक आहे किंवा थर आडवे नाहीत.

पहिला संशय तारेवर घ्या. ओल्या शेतात पडलेल्या तारेचे वेष्टण एखाद्या ठिकाणी खरचटलेले असते आणि प्रवाह तिथूनच जमिनीत उतरतो. तपासणी सोपी आहे: मीटर बंद करून टोकाच्या गजावरून तार सोडा, तिचे टोक कोरड्या लाकडावर ठेवा आणि मग प्रवाह सुरू करा. प्रवाह शून्य यायला हवा. पाच-दहा मिलिअँपिअर दिसले तर गळती आहे. रीळ चिखलात पडलेले असले तरी हेच होते. दुसरी तपासणी म्हणजे अदलाबदल: ए-बी आणि एम-एन यांच्या तारा मीटरवर उलटसुलट जोडा. रोध तोच यायला हवा.

तार ठीक असेल तर आजूबाजूला पाहा. एक गज बांधावर आणि दुसरा पाण्याने भरलेल्या चरात गेला की एकाच ठिपक्याची उडी दिसते. सलग तीन-चार ठिपके एका दिशेने सरकले तर पुरलेला पाइप किंवा जुना प्रवाहमार्ग असण्याची शक्यता जास्त. ओळ ९० अंशांत फिरवून साउंडिंग पुन्हा घ्या. दोन्ही वक्र जुळले नाहीत तर तिथे आडव्या थरांचे प्रारूप बसवू नका.

एकाच वक्रावर दोन तज्ज्ञ वेगवेगळी खोली सांगतात. कोण खरे?

दोघेही बरोबर असू शकतात, आणि हीच या पद्धतीची खरी मर्यादा आहे. दोन कमी रोधकतेच्या थरांमध्ये सापडलेल्या पातळ वाळूच्या थराचा वक्रावर जो परिणाम होतो, तो जाडी आणि रोधकता यांच्या गुणाकाराचा. १० मीटर जाडीची ४० ओहम-मीटरची वाळू आणि २० मीटर जाडीची २० ओहम-मीटरची वाळू, दोन्हींचा गुणाकार ४००. वक्र जवळजवळ एकच. उलट, जास्त रोधकतेच्या थरांत अडकलेल्या खाऱ्या थराबाबत जाडी भागिले रोधकता एवढेच कळते: ५ ओहम-मीटरचा १० मीटर थर आणि २.५ ओहम-मीटरचा ५ मीटर थर सारखेच. याशिवाय वरखालच्या थरांच्या मधल्या रोधकतेचा पातळ थर पूर्ण झाकलाही जातो.

आणखी एक सापळा त्रिभुज प्रदेशात हमखास असतो. वाळू आणि चिकणमातीचे पातळ पदर एकाआड एक असले की वीज आडवी सहज वाहते, उभी अडखळते. समजा ६० आणि ६ ओहम-मीटरचे पदर समसमान जाडीचे आहेत आणि सगळ्यांची मिळून जाडी २० मीटर आहे. वक्र त्यांना सुमारे १९ ओहम-मीटरचा, ३५ मीटर जाडीचा एकच थर म्हणून दाखवतो. सर्वेक्षणाने सांगितलेली खोली प्रत्यक्ष बोअरपेक्षा पुन्हा पुन्हा जास्त येत असेल तर कारण इथे शोधा.

८ ओहम-मीटर म्हणजे चिकणमाती की मचूळ पाण्याची वाळू, हे कसे ठरवायचे?

नुसत्या रोधकतेवरून ठरत नाही. जवळच्या बोअरचा थरवार नोंदीचा कागद आणि पाण्याची वाहकता हवी. बोअरमध्ये गॅमा लॉग, म्हणजे खोलीनुसार नैसर्गिक किरणोत्साराची नोंद, घेता आला तर उत्तम. चिकणमातीत नैसर्गिक किरणोत्सार सहसा जास्त असतो आणि पाणी खारे असो वा गोडे, त्याने गॅमाला फरक पडत नाही. रोधकता कमी आणि गॅमाही कमी, म्हणजे खारी वाळू. रोधकता कमी पण गॅमा जास्त, म्हणजे चिकणमाती. अभ्रकासारखी खनिजे असलेली वाळू गॅमाला फसवू शकते, तेव्हा बाहेर आलेली वाळू हातात घेऊनही पाहा.

पाण्याचा नमुना कुठल्या खोलीच्या जाळीतून (बोअरच्या नळीच्या, पाणी आत घेणाऱ्या छिद्रांच्या भागातून) आला हे विचारल्याशिवाय त्याची वाहकता वापरू नका. तीन थरांना जाळी असलेल्या बोअरचे पाणी म्हणजे तिन्हींची खिचडी.

भरती-ओहोटीचा आणि पावसाचा फरक पडतो का?

खाडीलगत पडतो, तोही वरच्या काही मीटरांत. खोल थर एका भरतीत बदलत नाहीत. प्रत्येक साउंडिंगसमोर वेळ आणि भरतीची स्थिती लिहा. तुलनेसाठी पुन्हा मोजायचे असेल तर तोच हंगाम, तीच खुंटी आणि भरतीची तीच अवस्था घ्या. पावसाळ्यानंतर वरच्या वाळूत गोडे पाणी साचते आणि त्याचा पातळ थर उन्हाळ्यापर्यंत विरतो. एकाच हंगामाच्या सर्वेक्षणावर कायमचा निष्कर्ष काढू नये.

टोमोग्राफीचे चित्र २ टक्के त्रुटी दाखवते. म्हणजे ते खरे आहे ना?

त्रुटी कमी म्हणजे चित्र मोजणीशी जुळते, एवढाच अर्थ. संगणक फेऱ्याफेऱ्यांनी चित्र मोजणीशी जुळवत जातो. फेऱ्या वाढवत नेल्या की तो गोंगाटालाही थर समजून रंगवतो. सहसा चार-पाच फेऱ्यांत त्रुटी स्थिरावते, तिथे थांबावे. या गणिताची गुळगुळीत पद्धत तीव्र सीमारेषा पसरट करते. ठोकळेबाज पद्धत हळूहळू बदलणाऱ्या खारेपणालाही भिंत बनवते. दोन्ही चालवून पाहा. दोन्हींत जे टिकते त्यावर विश्वास ठेवा. आणि रंगपट्टी सर्व चित्रांना एकच हवी. एका चित्रात निळा म्हणजे ५ आणि दुसऱ्यात ५० असेल तर बैठकीत गोंधळ ठरलेला.

नकाशासाठी किती साउंडिंग लागतात?

प्रादेशिक चित्रासाठी १ ते २ किलोमीटरवर एक. गोड्या-खाऱ्याची सीमा आखायची असेल तर सीमेच्या आसपास ३०० ते ५०० मीटरवर. प्रवाहमार्ग अरुंद असतात. दोन साउंडिंगच्या मधून एखादा निसटला तर नकाशावर तो नाहीच. म्हणून उपग्रहचित्रावर जुने वळणदार पट्टे आणि उंचवटे आधी पाहून घ्यावेत.

खोली जमिनीपासून नाही, समुद्रसपाटीपासून दाखवा. सपाट प्रदेशात हातातल्या जीपीएसची उंची कित्येक मीटर चुकते आणि तेवढ्या चुकीवर एक अख्खा खोटा उंचवटा तयार होतो. लेव्हलिंग करा, म्हणजे उंची नीट मोजून घ्या. संगणकाने आखलेल्या समरेषा (समान मूल्यांची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) एकेका ठिपक्याभोवती गोल गोल फिरत असतील तर तो बहुधा भूजलाचा आकार नसून आकडेवारी विरळ असल्याची खूण असते. जिथे साउंडिंग नाही तो भाग कोरा सोडावा.

पाण्याची पातळी समुद्रापेक्षा १ मीटर वर, तर खाली ४० मीटर गोडे. हा नियम पुरेसा नाही का?

घायबेन आणि हर्झबर्ग यांच्या नावाचा हा नियम घनतेच्या फरकातून येतो (१.०२५ आणि १.०००). तो एकसंध, मोकळ्या आणि स्थिर थरासाठी आहे. मध्ये चिकणमाती असली, खाली जुने खारे पाणी अडकलेले असले किंवा उपसा चालू असला की तो फसतो. शिवाय खरी सीमा रेषा नसते. काही मीटर, कधी त्याहून जाड, मचूळ पट्टा असतो आणि पंपाला आधी तोच लागतो.

आर्सेनिक या सर्वेक्षणात कळते का?

नाही. आर्सेनिक, नायट्रेट, जंतू यांचे प्रमाण रोधकता हलवण्याइतके नसते. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या त्रिभुज प्रदेशात उथळ, राखाडी वाळूतले पाणी गोडे असूनही अनेक ठिकाणी आर्सेनिकयुक्त आहे. सर्वेक्षण त्या वाळूला ‘चांगला थर’ म्हणेल. प्रयोगशाळेची तपासणी टाळता येत नाही.

गोडा थर सापडला. बोअर घेताना काय सांभाळावे?

सीमेपर्यंत खणू नका. वरच्या खाऱ्या थरासमोर साधे केसिंग (छिद्र नसलेली नळी), भोवतालची फट सिमेंटने किंवा बेंटोनाइटने (फुगणाऱ्या चिकणमातीने) बंद, आणि जाळी फक्त गोड्या वाळूत. फट उघडी राहिली तर खारे पाणी केसिंगच्या बाहेरून खाली उतरते आणि दोष मात्र सर्वेक्षणावर येतो. खाली खारे असेल तर जाळी गोड्या थराच्या वरच्या भागात ठेवा आणि उपसा संथ ठेवा. जोरात उपसले की खारे पाणी शंकूसारखे वर चढते. पंप थांबवल्यावर ते खाली बसायला महिने लागू शकतात.

सुरक्षेचे काय?

४०० ते ८०० व्होल्ट, ओला चिखल आणि अनवाणी माणूस हे जीवघेणे त्रिकूट आहे. टोकाच्या माणसाने ‘तयार’ म्हटल्याशिवाय बटण दाबू नये. रबरी बूट सक्तीचे. गजांजवळ मुले आणि गुरे येणार नाहीत यासाठी प्रत्येक टोकाला एक माणूस. ढगांचा गडगडाट ऐकू आला की मीटरच्या तारा सोडून काम बंद: ६०० मीटर तार म्हणजे विजेला आमंत्रणच.

अहवालात काय मागून घ्यावे?

प्रत्येक साउंडिंगचा कच्चा तक्ता: एबी/२, एमएन, प्रवाह, विभवांतर, तारीख-वेळ, ओळीची दिशा. थरांच्या जाडीला एकच आकडा नको, ‘१२ ते १८ मीटर’ असा पल्ला हवा. कोणत्या बोअरशी जुळवणी केली, ते बोअर किती दूर आहे आणि तिथे पाण्याची वाहकता किती होती, हेही हवे. नुसते रंगीत नकाशे देणारा अहवाल परत पाठवावा. दोन वर्षांनी शेजारी नवे बोअर झाले तर कच्च्या तक्त्यावरून जुने साउंडिंग पुन्हा सोडवता येते, रंगीत नकाशावरून नाही.